दगडाची तब्येत

गेल्या डिसेंबरात आमच्या आठवीच्या वर्गाची सहल पन्हाळ्याला गेली होती. शाहूवाडीहून एस.टी. सुटली. बांबवडे मागे पडले आणि वाघबीळहून गाडी गडाच्या रस्त्याला लागली. सज्जा कोठी, अंबरखाना, अंधारबाव पाहत पाहत आम्ही तीन दरवाजापाशी आलो. काळ्या दगडाची ती भव्य कमान, तिच्यावरची नाजूक नक्षी आणि वर कोरलेला फारसी शिलालेख पाहून मुले थबकली. एक मुलगी मान वर करून अक्षरे लावू लागली. "सर, हा अलिफ! आणि तो मीम!" तिला अर्थ कळत नव्हता, पण सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या काळात कोणा कारागिराने कोरलेले अक्षर तिने ओळखले होते. तिचा आनंद पाहण्यासारखा होता.

तेवढ्यात वर्गातल्या एका मुलाने दरवाजाच्या दगडावर तळहात ठेवला आणि विचारले, "सर, दिल्लीचा लाल किल्ला लाल आहे. मग हा दरवाजा काळा का? आणि आमच्या घराची भिंतसुद्धा लाल आहे. पण ती तर नखाने खरवडली तरी पडते!"

सगळी मुले हसली. मी मात्र हसलो नाही. माझ्या स्वतःच्या घराची भिंत त्याच आजाराने आजारी होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाच्या एका प्रश्नात तीन दगड आहेत. आधी लाल किल्ल्याचा दगड पाहू.

लाल किल्ला शाहजहान बादशहाने इ. स. १६३९ ते १६४८ या काळात बांधला. त्याच्या भिंतींच्या दगडाला मराठीत वालुकाश्म म्हणतात. वालुका म्हणजे वाळू आणि अश्म म्हणजे दगड. उर्दूत तुम्ही रेत आणि पत्थर म्हणता, तेच हे दोन शब्द. हा दगड खरोखरच वाळूचा असतो. फार फार पूर्वी नद्यांनी, समुद्राने किंवा वाऱ्याने वाळूचे थर एकावर एक पसरले. वरच्या थरांच्या ओझ्याने खालची वाळू दाबली गेली. थरांतून झिरपणाऱ्या पाण्यात काही पदार्थ विरघळलेले होते. ते वाळूच्या कणांमध्ये साचले आणि त्यांनी कणांना डिंकासारखे चिकटवून टाकले.

हा 'डिंक' कोणता आहे, यावरच वालुकाश्माचे आयुष्य ठरते. वाळूचे कण बहुतेक गारेचे, म्हणजे फार कठीण असतात. ते सहसा झिजत नाहीत. झिजतो तो डिंक. तो सिलिकाचा असेल, तर दगड शेकडो वर्षे टिकतो. चुन्यासारख्या पदार्थाचा असेल, तर आम्लयुक्त पाण्यात हळूहळू विरघळतो. मातीचा असेल, तर दगड पावसात फुगतो, उन्हात आकसतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. डिंकात लोहाचा अंश असला की दगडाला लाल रंग येतो. लोखंडी खिळा गंजल्यावर जसा लालसर होतो, तसाच हा प्रकार.

दिल्ली आणि आग्र्याच्या इमारतींना लागलेला लाल दगड चांगल्या जातीचा आहे. फत्तेपूर सिक्री हे शहर तर याच दगडाच्या डोंगरावर वसवले गेले. कुतुबमिनाराचे काम बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, म्हणजे तो सुमारे आठशे वर्षे ऊन, पाऊस आणि वारा सोसत उभा आहे. हा दगड लाकडासारखा कोरता येतो. सिक्रीच्या जाळ्या पाहिल्या, की हे दगडाचे काम आहे यावर विश्वास बसत नाही. आपल्या महाराष्ट्रातही पार पूर्वेला वालुकाश्म आहे. चंद्रपूरला गोंड राजांच्या जुन्या वास्तूंत तो दिसतो. आपल्या दक्षिणेला कर्नाटकात बदामीची लेणी याच दगडात खोदली आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे.

वालुकाश्माची एक खोड जुन्या संगतराशांना चांगली माहीत होती. भाकरीची चवड डोळ्यांसमोर आणा. ती आडवी ठेवली तर वरून कितीही वजन येऊ द्या, हलत नाही. तीच चवड उभी करून ठेवली तर एकेक भाकरी सुटून पडते. वालुकाश्माचे थरही असेच. खाणीत दगड जसा आडवा पडलेला असतो, तसाच तो भिंतीत बसवावा लागतो. कोणी घाईने उभा बसवला, तर काही वर्षांनी त्याच्या चेहऱ्याचे पापुद्रे निघू लागतात. असा दगड पाहून लोक म्हणतात, दगड खराब होता. खरे म्हणजे दगड चांगला असतो, बसवणारा चुकलेला असतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्याकडे वाळूचा दगड नाही, तर आगीचा दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक भाग तयार झाला. या लाव्ह्याचा जो काळा, घट्ट दगड बनला, त्याला शास्त्रात बेसॉल्ट म्हणतात. आपल्या गवंड्यांच्या तोंडी तो काळा पाषाण किंवा काळवत्री. तीन दरवाजा, कोल्हापूरचे अंबाबाईचे मंदिर, विजापूरचा गोलघुमट, १८८४ साली पूर्ण झालेला कोल्हापूरचा नवा राजवाडा, या सगळ्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या. छिन्नीला हा दगड दाद देत नाही, पण एकदा कोरला की नक्षी शतकानुशतके राहते. तो पाणीही फारसे पीत नाही.

आणि त्या मुलाच्या घराची लाल भिंत? तो तिसरा दगड. त्याचे नाव जांभा.

जांभा म्हणजे काळ्या दगडाचेच म्हातारपण, असे मी वर्गात सांगतो. आंबा, विशाळगड, गगनबावडा या घाटमाथ्यावर पाऊस किती कोसळतो, हे तुम्हांला माहीतच आहे. लाखो वर्षे असा पाऊस आणि असे ऊन सोसताना काळ्या दगडातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम यांचे संयुग. लोहामुळे दगड तांबडा झाला आणि जे वाहून गेले त्याच्या जागी छिद्रे राहिली. जिथे ॲल्युमिनियम फार साचले, तिथे बॉक्साईट बनले. आपल्या तालुक्याच्या पठारांवर तेही सापडते. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार जांभ्याचेच आहे. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले, ते याच पठारावरून.

जांभ्याची गंमत अशी, की तो जमिनीतून काढताना ओला आणि मऊ असतो; कुऱ्हाडीसारख्या हत्यारानेही त्याचे चिरे पाडता येतात. पुढे उन्हावाऱ्यात राहिला की तो कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला 'लॅटराइट' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्या कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या माणसांना मात्र ही वीट त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

जांभ्यावर बारीक नक्षी होत नाही, कारण छिद्रांमुळे कड तुटते. भिंतीला मात्र तो उत्तम. हलका, उन्हाळ्यात थंड, आणि गावाजवळच मिळणारा. एकच अट आहे. तो पाणी पितो, म्हणून प्यालेले पाणी बाहेर टाकायला त्याला वाट हवी.

सहलीहून परतल्यावर आम्ही वर्गात एक प्रयोग केला. जांभ्याचा एक तुकडा आणि काळ्या दगडाचा एक तुकडा चांगला वाळवला आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोलला. दोन्ही तुकडे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले आणि सकाळी फडक्याने पुसून पुन्हा तोलले. काळ्या दगडाचे वजन होते जवळजवळ तेवढेच राहिले. जांभ्याचे मात्र चांगलेच वाढले. दुकानदार चाचा म्हणाले, "आज दगड विकायला काढलेत काय, सर?" तुम्हीही हा प्रयोग करून पाहा, पण काट्याच्या मालकाला आधी विचारा.

पाणी नुसते आले आणि गेले तर दगडाचे फार बिघडत नाही. बिघडते ते पाण्याबरोबर येणाऱ्या मिठाने. जमिनीत नाना प्रकारचे क्षार असतात. ओल भिंतीत चढते, तिच्याबरोबर क्षारही चढतात. पाणी सुकून हवेत जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक दगडाच्या छिद्रात वाढतात आणि आतून धक्के देतात. धक्का लहान, पण दरवर्षी. मग भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. हिला मराठीत लोणा म्हणतात. कोणी म्हणते, भिंतीला खार फुटला. लोणा लागलेला दगड हाताने चोळला तर त्याचा भुगा होतो. दगड वालुकाश्म असो की जांभा, या बाबतीत दोघांचे दुखणे एकच.

मुरुडच्या समुद्रात पद्मदुर्ग नावाचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो जंजिऱ्यासमोर बांधला. तिथे एक विलक्षण दृश्य दिसते. खारा वारा आणि लाटा यांनी तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, पण दगडांमधला चुना तसाच पुढे उभा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यातला मध जावा आणि मेणाच्या भिंती राहाव्यात, तसा तो तट दिसतो. दगडापेक्षा चुना टिकला! पहिल्यांदा त्याचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला ते उलटे छापले असावे असे वाटले होते.

दगडाचे आणखीही शत्रू आहेत. चिरेच्या फटीत पिंपळाचे बी पडते, त्याची मुळे भिंत फोडतात. चंद्रपूरच्या परकोटावर अशी झाडेझुडपे माजली होती; इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ सालापासून श्रमदानाने ती काढली. दिल्लीत मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर आहे. लाल किल्ल्याच्या भिंतींवर त्याने काळे पापुद्रे धरल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आणि खिळ्याने दगडावर आपले नाव कोरणारे पाहुणे तर सगळीकडेच असतात. पन्हाळ्याला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर स्थान मिळाले, पण खिळा घेऊन येणाऱ्याला त्याची खबर नसावी.

आता माझ्या घराची हकीकत सांगतो.

आमचे घर माझ्या दादांनी बांधले. (आमच्याकडे वडिलांच्या वडिलांना दादा म्हणतात, मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. मराठी बोलताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर ऐकणारा गोंधळतो.) दादा स्वतः गवंडी होते. भिंती जांभ्याच्या, जोड चुन्याचे, गिलावाही चुन्याचा. दर दोन वर्षांनी पावसाळ्यानंतर ते भिंतीला चुन्याचा हात देत. ते गेल्यावर हे काम मागे पडले. गिलावा जागोजागी सुटला. मी कॉलेजात होतो तेव्हा अब्बांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. गवंडी म्हणाला, "आता पन्नास वर्षे भिंतीकडे बघायला नको." घर नवे दिसू लागले. आम्ही सगळे खूश होतो. फक्त दादीने तोंड वाकडे केले. म्हणाली, "भिंतीला रेनकोट घातलात. आता तिचा घाम कुठून जाणार?"

आम्ही हसलो. तीन-चार पावसाळे गेले आणि दादीचे बोलणे खरे ठरू लागले. पूर्वी ओल जमिनीपासून वीतभर चढायची आणि दिवाळीपर्यंत सुकायची. आता ती कमरेपर्यंत चढली आणि उन्हाळ्यातही सुकेना. आतल्या बाजूला लोणा फुटला. कपाटातल्या माझ्या बी.एड.च्या वह्यांना बुरशी आली. पुढे एका पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीचा गिलावा पत्र्यासारखा सुटून अंगणात पडला. मागचा जांभा पाहिला, तर दोन बोटे खोल नुसता भुसा. सिमेंट कडक आणि घट्ट, जांभा मऊ आणि सच्छिद्र. ओलीला बाहेर पडायची वाट बंद झाली, म्हणून क्षार गिलाव्याच्या मागे, दगडातच साचत गेले होते.

घरात वाद सुरू झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "पाडून टाकू, स्लॅबचे घर बांधू." अब्बा म्हणाले, "पुन्हा सिमेंटच लावू, ते स्वस्त पडते." मी चुन्याचे नाव काढले तर दोघेही माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी बैलगाडीने मुंबईला जाऊ म्हणालो.

तेव्हा मी अब्बांना हुमायूनच्या मकबऱ्याची गोष्ट सांगितली. दिल्लीचा हा मकबरा सोळाव्या शतकातला. लाल वालुकाश्म आणि संगमरवर यांचा. (मराठीतला 'संगमरवर' हा शब्द तुमच्या ओळखीचा संग-ए-मरमरच आहे.) विसाव्या शतकात गळती थांबवण्यासाठी त्याच्या छतावर सिमेंट काँक्रीटचे थर दिले गेले. गळती थांबली नाहीच, उलट पाणी आत कोंडून राहू लागले. पुढे आगा खान ट्रस्ट आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी दुरुस्ती हाती घेतली, ती २०१३ साली पूर्ण झाली. तेव्हा त्या छतावरून सुमारे १० लाख किलो काँक्रीट हातांनी फोडून खाली उतरवावे लागले. मग पुन्हा चुना आला.

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बादशहाचे घर बिघडले, तर आपले बिघडले यात नवल काय?"

चुना लावणारा माणूस शोधायला आम्हांला दोन महिने लागले. शेवटी पलीकडच्या गावातले एक वृद्ध गवंडी आले. त्यांनी आधी चुन्याला हात लावलाच नाही. भिंतीभोवती एक फेरी मारली आणि पागोळ्यांकडे बोट दाखवले. छपराचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होते. "आधी हे पाणी लांब न्या. चुना नंतर." आम्ही छपराचे पत्रे हातभर पुढे वाढवले आणि भिंतीलगत चर काढून पाणी अंगणाबाहेर नेले. मग सिमेंट काढले, तेही हलक्या हाताने. भुसा झालेले चिरे काढून नवे बसवले. भिंत दोन महिने उघडीच सुकू दिली.

चुना करणे हे सोपे काम नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी ओतले की ती उकळते, वाफा येतात. तेव्हा मुलांनी जवळ जायचे नाही, डोळे जातात. हा विरवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला. मग त्यात वाळू घालून तो घोटतात. पूर्वी यासाठी बैलांची घाणी असे. दगडाच्या गोल चरातून दगडाचे चाक फिरे. कोणी त्यात गूळ घालत, कोणी बेलफळाचे पाणी, कोणी हिरडा. आमच्या गवंड्यांनी हिरडा मागितला. तो शोधायला लांब जावे लागले नाही. आपल्या आंबा-विशाळगडच्या जंगलातून दरवर्षी लोक पोत्यांनी हिरडा गोळा करतात. असा चुना भिंतीवर बसला की हवेतला तोच वायू परत शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. पण हा दगड जांभ्यापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल त्याच्यातून बाहेर जाते, क्षार त्याच्यात साचतात. झिजायचे ते तो झिजतो आणि मागचा जांभा वाचतो.

पैशांअभावी आम्ही फक्त उत्तरेची भिंत केली आहे. बाकीच्या तीन भिंतींवर अजून सिमेंटच आहे. भावाला अजून स्लॅब हवा आहे, अब्बा म्हणतात, एक पावसाळा जाऊ दे.

तीन दरवाजापाशी प्रश्न विचारणारा तो मुलगा परवा आपल्या वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. त्यांच्या घरी सिमेंटची पोती येऊन पडली होती. वडिलांनी आधी सिमेंटच्या भिंतीवर हात ठेवला, मग उत्तरेच्या भिंतीवर. काही बोलले नाहीत. चुन्याचा भाव विचारला, भाव ऐकून मान हलवली आणि चहा घेऊन निघाले. मुलगा मात्र मागे रेंगाळला. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि दोन्ही भिंतींवर, जिथपर्यंत ओल होती तिथे, एकेक बारीक रेघ मारून खाली तारीख लिहिली. "सर, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू," असे म्हणून तो वडिलांच्या मागे पळाला.

स्वाध्याय

१. वालुकाश्माचे आयुष्य कशावर ठरते?
२. 'जांभा म्हणजे काळ्या दगडाचेच म्हातारपण' असे लेखक का म्हणतात?
३. वृद्ध गवंड्याने चुना लावण्याआधी कोणते काम करायला सांगितले? का?
४. दादीच्या 'भिंतीला रेनकोट घातलात' या बोलण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. दरवाजा, इमारत, मकबरा, संगमरवर यांसारखे मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे चालणारे आणखी पाच शब्द लिहा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या गावातली एखादी जुनी भिंत पाहा. ती कोणत्या दगडाची आहे, जोड कशाचे आहेत, ओल कुठवर चढली आहे, ते पाहून दहा ओळी लिहा.